समांतर शाखांतील पाण्याचा समतोल

संगणकाच्या जलशीतनात, म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची उष्णता थेट पंख्याच्या वाऱ्यावर न सोडता फिरत्या पाण्याने रेडिएटरपर्यंत वाहून नेण्याच्या पद्धतीत, पंप, टाकी, रेडिएटर आणि तप्त चिपवर बसणारे तांब्याचे पोकळ ठोकळे, ज्यांना सरसकट ब्लॉक म्हटले जाते, असे चार मुख्य घटक असतात. हे ब्लॉक एकामागून एक जोडले, तर एकाच पाण्याला सगळ्यांतून जावे लागते आणि त्या रचनेला शालेय भौतिकशास्त्रातील विजेच्या मंडलाप्रमाणेच एकसर जोडणी म्हणता येते. उलट पाणी एका ठिकाणी विभागून प्रत्येक ब्लॉकला स्वतंत्र शाखा दिली आणि पुढे त्या शाखा पुन्हा एकत्र आणल्या, तर ती समांतर जोडणी होते. एकसर जोडणीत प्रवाहाच्या वाटणीचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण वाटणी होतच नाही. समांतर जोडणीत मात्र कोणत्या शाखेला किती पाणी मिळते हे जोडणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून नसते, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे.

समांतर शाखांचा मूळ नियम असा की, सर्व शाखांचे तोंड एकाच ठिकाणी आणि शेपूटही एकाच ठिकाणी असल्यामुळे प्रत्येक शाखेच्या दोन टोकांमधील दाबाचा फरक समान राहतो, आणि तो समान ठेवण्यासाठी जिचा रोध कमी तिच्यातून जास्त व जिचा रोध अधिक तिच्यातून कमी पाणी आपोआप वाहू लागते. नळीतील प्रवाह खळाळता असेल तेव्हा दाबाची घट प्रवाहाच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून एका शाखेचा रोध दुसरीच्या चौपट असेल, तर तिला मिळणारा प्रवाह एकचतुर्थांश नसून सुमारे निम्मा असतो. ब्लॉकच्या आतील केसासारख्या बारीक खाचांमध्ये पाणी संथ वाहत असल्याने हा घातांक दोनपेक्षा थोडा कमी भरतो, परंतु अंदाजासाठी वर्गाचा नियम पुरेसा ठरतो.

ही गोष्ट इंदूरच्या बडा गणपती परिसरात राहणाऱ्या वाचकाला समजावून सांगण्याची वस्तुतः गरज पडू नये. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर चढून येणारे नर्मदेचे पाणी १९७८ पासून या शहराला मिळते, आणि मल्हारगंज, राजमोहल्ल्यासारख्या जुन्या दाट वस्तीत एका मुख्य वाहिनीवरून जेव्हा अनेक गल्ल्यांचे फाटे निघतात, तेव्हा प्रत्येक फाटा ही एक समांतर शाखाच असते. मुख्य वाहिनीजवळच्या, रुंद नळाच्या घरी बादली भराभर भरते, लांबच्या व अरुंद, गंजलेल्या नळाच्या घरी धार बारीक येते. आणि एखाद्याने थेट लाइनीला मोटर लावली की शेजाऱ्याचा नळ कोरडा पडतो, कारण मोटर लावणाऱ्याने आपल्या शाखेच्या शेवटी दाब कृत्रिमरीत्या खाली ओढलेला असतो. महाराष्ट्रातील कालव्यांवर पाणी ‘टेल टू हेड’, म्हणजे शेवटच्या शेतकऱ्याला आधी देण्याचे धोरण याच कारणाने आखावे लागले. पाणी गरज ओळखत नाही, सोपी वाट ओळखते. संगणकाच्या कॅबिनेटमधील पाणीही तसेच वागते.

आता प्रत्यक्ष आकड्यांकडे वळणे योग्य ठरेल. समजा, प्रोसेसरच्या ब्लॉकमधून मिनिटाला ४ लिटर पाणी गेल्यास ०.८ मीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब खर्च होतो आणि ग्राफिक्स कार्डच्या ब्लॉकमधून तितकाच प्रवाह गेल्यास ०.२ मीटर खर्च होतो. दोन्ही समांतर जोडून एकूण ६ लिटर प्रवाह सोडला, तर प्रोसेसरला २ आणि कार्डला ४ लिटर मिळतात व दोन्हीकडे दाबाची घट ०.२ मीटर इतकीच भरते. वरवर पाहता ही वाटणी असमतोल दिसते आणि अनेक हौशी जोडणारे याच टप्प्यावर व्हॉल्व्ह शोधायला निघतात. तथापि पाणी किती तापते हे पाहिल्याखेरीज असा निर्णय घेणे घाईचे होय. मिनिटाला १ लिटर पाण्यात १ किलोवॉट उष्णता सोडली, तर त्याचे तापमान सुमारे १४.३ अंश सेल्सियसने वाढते. या एका आकड्यावरून उरलेला सगळा हिशेब तोंडी करता येतो. प्रोसेसर १५० वॉट उष्णता देत असेल, तर २ लिटरच्या प्रवाहात पाणी १.१ अंशाने तापते, आणि कार्ड ४०० वॉट देत असेल, तर ४ लिटरमध्ये १.४ अंशाने तापते. म्हणजे ‘असमतोल’ वाटणारी ही वाटणी उष्णतेच्या मानाने जवळजवळ हवी तशीच आहे आणि तिला हात लावण्याचे काहीच कारण नाही. समतोल म्हणजे सर्वांना सारखे पाणी नव्हे, तर ज्याच्या अंगावर जितकी उष्णता त्याला त्या मानाने पाणी, हा अर्थ एकदा निश्चित केला की निम्मे व्हॉल्व्ह विकत घ्यावेच लागत नाहीत.

मग समांतर जोडणीत धोका कोठे असतो? तो शाखांच्या रोधातील दुपटी-चौपटीच्या फरकात नसून, एखादी शाखा जवळजवळ बंद पडण्यात असतो. वरच्याच उदाहरणातील कार्डाच्या शाखेत कचरा अडकून तिचा प्रवाह मिनिटाला ०.३ लिटरवर आला, तर तेच ४०० वॉट पाण्याला १९ अंशांनी तापवतात, आणि प्रवाह मंदावल्यामुळे तांब्याकडून पाण्याकडे उष्णता जाण्याचा वेगही घटतो, तेव्हा चिपचे तापमान त्याहून कितीतरी अधिक चढते. एकसर जोडणीत असा अडथळा आला असता, तर संपूर्ण मंडलाचा प्रवाह खाली येऊन प्रवाहमापकाने तो ताबडतोब दाखवला असता. समांतर जोडणीत मात्र एका शाखेतून अडलेले पाणी दुसऱ्या शाखेतून मुकाट्याने निघून जाते, पंपाच्या तोंडाशी लावलेला प्रवाहमापक त्या मानाने थोडीच घट दाखवतो, आणि संगणकाचा मालक पडद्यावरील एकूण आकडा पाहून निश्चिंत राहतो. म्हणून एकूण प्रवाहाच्या मापावर विसंबून समांतर मंडलाची प्रकृती ठरवू नये. प्रत्येक शाखेची स्वतंत्र खूण हवीच, मग ती छोट्या चक्रीच्या प्रवाहदर्शकाची असो वा तापमापकाची.

इंदूरमध्येच या तत्त्वाचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण आहे. शहराच्या दक्षिणेला १९८४ मध्ये पायाभरणी झालेल्या आणि २००५ पासून राजा रामण्णा यांचे नाव धारण करणाऱ्या प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ ही सिंक्रोट्रॉन यंत्रे आहेत. त्यांपैकी इंडस-२ चा परीघ १७२.५ मीटर असून त्याच्या विद्युतचुंबकांची वेटोळी कमी विद्युतवाहकतेच्या पाण्याने थंड ठेवली जातात. अशा चुंबकांची वेटोळी पोकळ तांब्याच्या दांड्यांची असतात आणि सर्वसाधारणपणे त्यांतून वीज एकसर तर पाणी समांतर वाहते, कारण एकाच लांबलचक मार्गातून पाणी नेल्यास दाबही पुरत नाही आणि शेवटच्या वेटोळ्याला आधीच तापलेले पाणी मिळते. प्रत्येक शाखेवर प्रवाहाची किंवा तापमानाची राखण असते आणि ती तुटली की वीज थांबते. घरच्या संगणकात इतका जामानिमा लागत नाही, परंतु शाखेगणिक राखण ठेवण्याचा धडा तेथूनच घेण्यासारखा आहे.

समतोलाची खरी जागा व्हॉल्व्हमध्ये नसून रचनेत असते, हे नळकाम करणारा अनुभवी माणूस सहज मान्य करील. पाणी विभागणारी जाड नळी किंवा ठोकळा, ज्याला मॅनिफोल्ड म्हणतात, त्याचे आतील क्षेत्रफळ सर्व शाखांच्या एकत्रित क्षेत्रफळापेक्षा कमी नसावे आणि त्यातील दाबाची घट शाखेतील घटीच्या दहाव्या हिश्शाच्या आत राहावी. तसे झाले की पहिल्या आणि शेवटच्या शाखेला मिळणाऱ्या दाबात नगण्य फरक उरतो. बाजारात चार कार्डांसाठी मिळणाऱ्या काही सुंदर ॲक्रिलिक पट्ट्यांमध्ये दिसण्याच्या नादात हीच वाट अरुंद ठेवलेली असते, तेव्हा खरेदीपूर्वी आतील भोक मोजून पाहावे. लांब मॅनिफोल्डमध्ये उलट-परत जोडणी उपयोगी पडते, म्हणजे ज्या शाखेला पाणी सर्वांत आधी मिळते तिचे पाणी परतीच्या नळीत सर्वांत शेवटी सोडायचे, जेणेकरून प्रत्येक थेंबाचा एकूण प्रवास सारख्याच लांबीचा होतो. इमारतींच्या तापन-शीतन व्यवस्थेत ही युक्ती जुनी आहे. मात्र लहान व अरुंद मॅनिफोल्डमध्ये घर्षणापेक्षा पाण्याच्या वेगाचा प्रभाव जास्त असल्याने वेग थोपवला जाणाऱ्या बंद टोकाकडे दाब वाढून शेवटच्या शाखेला उलट जास्त पाणी मिळू शकते, म्हणून तेथे कोणत्याही ठरीव सूत्रापेक्षा मोजमापावर विश्वास ठेवणे बरे.

रोधांची जुळवाजुळव हा दुसरा उपाय. प्रोसेसरच्या जड ब्लॉकसमोर एक हलका ब्लॉक ठेवण्याऐवजी दोन हलके ब्लॉक आपसांत एकसर जोडून त्यांची एकच शाखा केली, तर दोन्ही शाखांचे रोध एकमेकांच्या जवळ येतात. एकाच प्रकारची कार्डे समांतर जोडावीत. वेगवेगळ्या कंपन्यांच्या ब्लॉकचे रोध नुसते पाहून ओळखता येत नाहीत. सोप्या शाखेत मुद्दाम थोडी अरुंद नळी वापरणे हाही स्वस्त मार्ग आहे, कारण खळाळत्या प्रवाहात नळीचा रोध तिच्या आतील व्यासाच्या सुमारे पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणजे १३ मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटरची नळी घेतल्यास रोध पावणेचौपटीच्या जवळ जातो. काटकोनी एल्बो फिटिंग कमी-जास्त करूनही किरकोळ फरक साधतो, पण तो खरोखर किरकोळच असतो.

एवढे करूनही फरक उरला, तर मोजमाप आधी आणि व्हॉल्व्ह नंतर, हा क्रम पाळावा. प्रत्येक शाखेला प्रवाहमापक परवडत नसेल, तर शाखेच्या मुखाशी व शेवटाला तापमानाचे संवेदक बसवून प्रवाह काढता येतो. येथे एक काळजी अनिवार्य आहे. जलशीतनासाठी मिळणाऱ्या १० किलोओहमच्या संवेदकांची अचूकता साधारण एक अंशाची असते, आणि मोजायचा फरकच एक-दोन अंशांचा असल्यामुळे दोन संवेदकांची आपसांतील तफावत आधी काढली नाही, तर सगळे मोजमाप निरर्थक ठरते. त्यासाठी सर्व संवेदक एकाच भांड्यातील, नीट ढवळलेल्या पाण्यात बुडवून प्रत्येकाचा आकडा लिहून ठेवावा आणि पुढे तितकी भर किंवा वजावट करीत जावे. त्यानंतर संगणकावर किमान अर्धा तास सारखा भार ठेवून, टाकीतील पाण्याचे तापमान स्थिरावल्यावरच नोंद घ्यावी. उदाहरणार्थ, शाखेच्या मुखाशी ३८ अंश, शेवटी ४०.२ अंश आणि कार्डाचा विजेचा वापर ४०० वॉट असेल, तर १४.३ ला ०.४ ने गुणून २.२ ने भागल्यास मिनिटाला सुमारे २.६ लिटर प्रवाह मिळतो. काही उष्णता पाठीच्या पट्टीतून हवेत जात असल्याने हा आकडा अंदाजी असला, तरी शाखांची तुलना करण्यास तो पुरेसा असतो. थंड पाण्यावर घेतलेली नोंद मात्र ग्राह्य धरू नये, कारण २० अंशांवरील पाण्याची चिकटपणाची मात्रा ४० अंशांवर जवळजवळ दोनतृतीयांश होते आणि बारीक खाचांच्या ब्लॉकचा रोध त्याबरोबर बदलतो.

व्हॉल्व्हची निवड करताना पाव फेऱ्यात उघडझाप होणारा बॉल व्हॉल्व्ह टाळावा. तो शाखा पूर्ण तोडण्यासाठी उत्तम, पण प्रवाह कमी करण्यासाठी वाईट, कारण बहुतेक सगळा फरक बंद होण्याच्या शेवटच्या टप्प्यात पडतो. सुईसारख्या टोकाचा, अनेक फेऱ्यांचा व्हॉल्व्ह घ्यावा. सुरुवातीला सर्व व्हॉल्व्ह पूर्ण उघडून, उष्णतेच्या मानाने जिला सर्वांत कमी पाणी मिळते ती शाखा ओळखावी आणि तिचा व्हॉल्व्ह अखेरपर्यंत उघडाच ठेवावा. बाकीच्या शाखा तिच्याशी जुळेपर्यंत एक-एक करून आवळाव्यात. एक शाखा आवळली की इतर सर्वांचा प्रवाह थोडा बदलतो, म्हणून दोन-तीन फेऱ्या घ्याव्या लागतात. कोणत्याही क्षणी सगळेच व्हॉल्व्ह थोडे थोडे आवळलेले आढळले, तर पंपाचा दाब फुकट जात आहे असे समजून पुन्हा आरंभ करावा. शाखांच्या तापवाढीत एक अंशाच्या आत फरक उरला की थांबावे. त्यापुढचा अर्धा अंश साधण्यात घालवलेली संध्याकाळ चिपला काही लाभ देत नाही.

हवेचा विचार स्वतंत्रपणे करणे भाग आहे, कारण नव्याने भरलेल्या मंडलात शाखा अडण्याचे सर्वांत वारंवार आढळणारे कारण तेच असते. एकसर मंडलात बुडबुडा आज ना उद्या ढकलला जातो. समांतर मंडलात पाण्याला दुसरी वाट मोकळी असल्याने तो आपल्या जागी दिवसेंदिवस बसून राहतो. म्हणून मंडल भरताना इतर शाखा बंद करून एका वेळी एकाच शाखेतून पूर्ण वेगाने पाणी फिरवावे, कॅबिनेट हळूहळू तिरके करावे आणि टाकीत बुडबुडे येणे थांबल्यावरच पुढची शाखा घ्यावी. बॉल व्हॉल्व्हचा खरा उपयोग येथे होतो.

माळव्यातील पाण्याविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. येथील काळ्या बेसाल्ट खडकातून येणारे बोअरिंगचे पाणी जड असते, नळाचे पाणीही क्षारमुक्त नसते, आणि घरगुती आरओ यंत्रातील पाण्यातही काही क्षार उरतात. ते सर्व बारीक खाचांमध्ये साचून एकेका शाखेचा रोध वेगवेगळ्या वेगाने वाढवतात, म्हणजे वैशाखात साधलेला समतोल दिवाळीपर्यंत टिकत नाही. ऊर्ध्वपातित पाणीच वापरावे. बॅटरीच्या दुकानातून आणताना डब्यात पाणीच आहे, आम्ल नव्हे, याची खात्री करावी. त्यात गंजरोधक व शेवाळरोधक द्रव्य घालावे आणि तांब्याच्या ब्लॉकबरोबर ॲल्युमिनियमचा रेडिएटर कधीही जोडू नये. इंदूरला पाणी गोठण्याइतकी थंडी पडत नसल्याने गोठणरोधक म्हणून ग्लायकॉल घालण्याचे कारण नाही. त्याने द्रव दाट होऊन प्रवाह घटतो, एवढेच. उलट मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो तेव्हा पाण्याला फार थंड होता येत नाही, आणि बहुतेक पंपांची व मऊ नळ्यांची मर्यादा ६० अंशांच्या आसपास असल्याने उपाशी शाखेतून बाहेर पडणारे तप्त पाणी त्या मर्यादेला सर्वांत आधी भिडते. म्हणून समतोलाची चाचणी माघातल्या गारव्यात घेऊन समाधान मानू नये.

पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’ महासंगणकासारख्या यंत्रांत, जेथे द्रव थेट प्रोसेसरवरील पट्ट्यांतून फिरवला जातो, तेथे समांतर जोडणीला पर्याय नसतो, कारण दुरुस्तीसाठी एक सर्व्हर बाहेर काढला तरी बाकीचे चालू राहावे लागतात. अशा मोठ्या व्यवस्थेत पंप प्रवाह नव्हे तर मॅनिफोल्डच्या दोन टोकांतील दाबाचा फरक कायम राखतो, म्हणजे एक शाखा तुटल्याचा झटका इतरांना बसत नाही. चार कार्डांचे कार्यस्थानक उभारणाऱ्यानेही, पंपाच्या नियंत्रकात तशी सोय असेल तर, हीच पद्धत निवडावी. एक प्रोसेसर आणि एक ग्राफिक्स कार्ड एवढ्याच सामग्रीच्या घरगुती संगणकाला मात्र समांतर शाखांची गरज नसते. तेथे एकसर जोडणीच करावी.